फॉस्फो-ईआरके अँटिबॉडीची चाचणी : दिवसवार प्रकल्प नोंदी

काम असं आहे : ईआरके १ आणि ईआरके २ (पेशीत वाढीचा संकेत पुढे नेणारी, फॉस्फेट चढल्यावर जागी होणारी प्रथिनं) यांच्यावर फॉस्फेट चढलेलं असेल तरच चिकटणारी एक मोनोक्लोनल अँटिबॉडी (सशाची) वापरात घ्यायची आहे. ती आपल्या पेशींत, आपल्या पद्धतीने, खरंच तेवढंच दाखवते का, हे आधी वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं जेलमध्ये वजनानुसार वेगळी करून मेम्ब्रेनवर उतरवायची आणि अँटिबॉडीने शोधायची) आणि मग इम्युनोफ्लुरोसन्सवर (तीच अँटिबॉडी पेशींत चमकवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची) तपासायचं. ती ओळखते ती जागा म्हणजे ईआरके १ मधलं थ्रिओनिन २०२ आणि टायरोसिन २०४. मानवी ईआरके २ मध्ये याच जोडीचे क्रमांक १८५ आणि १८७ आहेत. बँड (ब्लॉटवरचे पट्टे) यायला हवेत ४४ आणि ४२ किलोडाल्टनला.

कुपी १०० मायक्रोलिटरची आहे आणि माहितीपत्रकावर प्रमाण १:१००० दिलंय. एका ब्लॉटला १० मिली द्रावण लागतं, म्हणजे १० मायक्रोलिटर अँटिबॉडी गेली. अख्ख्या कुपीत दहा ब्लॉट. म्हणून जिथे जिथे अँटिबॉडी खर्च झाली तिथे आकडा लिहिला आहे. हेच काम करायला घेणाऱ्याला पैशांपेक्षा हा हिशेब जास्त उपयोगी पडेल.

दिवस १. बफर

लायसिस बफर (पेशी फोडायचं द्रावण) : ट्रिस ५० मिलिमोलर (पीएच ७.४), सोडियम क्लोराइड १५० मिलिमोलर, एनपी-४० १ टक्का, सोडियम डीऑक्सिकोलेट ०.५ टक्के, एसडीएस ०.१ टक्का. फॉस्फटेज (फॉस्फेट उतरवणारे एंझाइम) रोखण्यासाठी सोडियम फ्लोराइड १० मिलिमोलर, बीटा-ग्लिसरोफॉस्फेट २० मिलिमोलर, सोडियम ऑर्थोव्हॅनॅडेट १ मिलिमोलर. प्रथिनं तोडणारे एंझाइम रोखायला पीएमएसएफ १ मिलिमोलर, तेही पेशींवर बफर ओतायच्या क्षणी. पाण्यात पडल्यावर ते तासाभरात बरंचसं निकामी होतं, त्यामुळे सकाळी टाकून दुपारी वापरण्यात अर्थ नाही.

ईडीटीए टाकलेलं नाही. ते व्हॅनॅडेटला धरून ठेवतं, मग टायरोसिन फॉस्फटेज मोकळे सुटतात. डीटीटीचंही तसंच, ते व्हॅनॅडेटचं क्षपण करतं. म्हणून डीटीटी किंवा मरकॅप्टोइथेनॉल फक्त शेवटच्या सॅम्पल बफरमध्ये.

व्हॅनॅडेट बाटलीतून काढून नुसतं विरघळवलं तर पुरत नाही. २०० मिलिमोलरचं द्रावण करून पीएच १० ला आणलं, तर ते पिवळं झालं. पिवळा रंग म्हणजे रेणू एकमेकांना जोडले गेलेत, आणि त्या रूपात ते टायरोसिन फॉस्फटेज नीट रोखत नाहीत. रंग जाईपर्यंत उकळायचं, थंड करायचं, पीएच पुन्हा १० वर आणायचा, पुन्हा उकळायचं. तिसऱ्या फेरीनंतर द्रावण रंगहीन राहिलं आणि पीएच हलेनासा झाला. छोटे भाग करून उणे २० ला ठेवले. अर्धा दिवस गेला, पण ही पायरी गाळली तर पुढचा प्रत्येक निकाल संशयास्पद ठरतो.

दिवस २. पेशी

हेला पेशी घेतल्या. यांत रास जनुक बदललेलं नाही, त्यामुळे उपाशी ठेवल्या तर ईआरकेचा संकेत खाली बसायला हवा. एचसीटी ११६ मध्ये केरास आणि ए३७५ मध्ये बीराफ बदललेलं आहे, तिथे काहीही न करता फॉस्फो-ईआरके चढलेलाच असतो. त्या पेशी ‘धन’ नमुना म्हणून चांगल्या, पण चढउतार दाखवायला निरुपयोगी.

सहा खळग्यांची प्लेट, दर खळग्यात ३ लाख पेशी. दुसऱ्या दिवशी सकाळी पेशी तयार हव्यात म्हणून संध्याकाळी सीरम नसलेल्या मीडियममध्ये, १६ तास.

दिवस ३. पहिली उत्तेजना, आणि पहिली चूक

ईजीएफ (ईआरकेला जागं करणारा वाढ-घटक) १०० नॅनोग्रॅम प्रति मिली. वेळा ०, २, ५, १०, ३०, ६० मिनिटं. मीडियम काढून त्या जागी ईजीएफ घातलेलं ताजं मीडियम ओतलं. सहाही खळगे एकाच प्लेटमध्ये, त्यामुळे प्रत्येक वेळेला प्लेट इनक्युबेटरमधून बाहेर, पुन्हा आत. शून्य मिनिटांचा खळगा सगळ्यांत शेवटी फोडला.

यातली चूक त्या दिवशी दिसली नाही. ती कळायला तीन दिवस गेले. इथे मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण हातांना ही पद्धत सगळ्यांत सोपी वाटते.

दिवस ४. जेल आणि ट्रान्सफर

बीसीए पद्धतीने प्रथिनं मोजली, दर लेनमध्ये २० मायक्रोग्रॅम. ९५ अंशांना ५ मिनिटं. १० टक्क्यांचं जेल, वरच्या भागात ८० व्होल्ट, खाली १२० व्होल्ट. रंगाची रेघ तळाला लागल्याबरोबर थांबवलं, तेही घाईचं झालं : ४२ आणि ४४ यांच्यात फार अंतर पडत नाही. पुढच्या सगळ्या जेलना रंग बाहेर पडल्यावर आणखी २० ते २५ मिनिटं दिली, तेव्हा कुठे दोन वेगळ्या रेषा दिसू लागल्या.

पीव्हीडीएफ मेम्ब्रेन मेथॅनॉलमध्ये अर्धा मिनिट, मग ट्रान्सफर बफरमध्ये (ट्रिस २५ मिलिमोलर, ग्लायसिन १९२ मिलिमोलर, मेथॅनॉल २० टक्के). १०० व्होल्ट, ७५ मिनिटं, टाकी बर्फात. पाँसो (मेम्ब्रेनवरची सगळी प्रथिनं दाखवणारा तात्पुरता रंग) लावल्यावर तिसऱ्या आणि चौथ्या लेनच्या मध्ये वाटोळा कोरा डाग दिसला. हवेचा बुडबुडा. नशिबाने तो ७० किलोडाल्टनच्या आसपास होता. सँडविच रचताना प्रत्येक थरावर लाटणं फिरवावं तशी काचनळी फिरवा, आणि पाँसो कधीही गाळू नका. तो पाच मिनिटांत जे सांगतो ते अँटिबॉडी वाया घालवून दुसऱ्या दिवशी कळतं.

दिवस ५. सगळं काळं

सवयीने मेम्ब्रेनच्या रिकाम्या जागा ५ टक्के स्किम दुधाने ब्लॉक केल्या. प्रायमरी (तपासायची अँटिबॉडी) १:१०००, तीही दुधातच, रात्रभर ४ अंशांना. सेकंडरी (प्रायमरीला चिकटणारी, एचआरपी हे एंझाइम जोडलेली अँटिबॉडी) १:५०००, एक तास. मग ईसीएल, म्हणजे एचआरपीमुळे प्रकाश देणारं द्रावण.

दहा सेकंदांत अख्खी मेम्ब्रेन करडी. बँड आहेत, पण सहाही लेनमध्ये जवळपास सारखेच जाड, शून्य मिनिटांच्या लेनमध्येसुद्धा. ४२ ते ४४ चा एकच लोंढा. वर ९० च्या आसपास एक फिकट बँड.

खर्च : अँटिबॉडी १० मायक्रोलिटर, शिकायला मिळालं ते फक्त एवढंच की दूध बदलायला हवं.

दिवस ६. तोच लायसेट (फोडलेल्या पेशींचं द्रावण), बीएसए

दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेट असलेलं प्रथिन आहे. फॉस्फेट ओळखणाऱ्या अँटिबॉडीला ते पार्श्वभूमी म्हणून सापडू शकतं. म्हणून ब्लॉकिंग आणि प्रायमरी दोन्हीसाठी ५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घेतलं, धुणं टीबीएसटीने (ट्रिस २० मिलिमोलर पीएच ७.६, मीठ १५० मिलिमोलर, ट्वीन-२० ०.१ टक्का), दहा-दहा मिनिटं तीनदा. पीबीएस इथे टाळलं. दूध सरसकट वाईट असतं असं नाही. एकूण ईआरके दाखवणाऱ्या अँटिबॉडीला आमच्याकडे दूधच जास्त मानवतं.

मेम्ब्रेन स्वच्छ आली, ९० चा बँडही गेला. पण शून्य मिनिटांची लेन तशीच ठळक. म्हणजे ब्लॉकिंगने पार्श्वभूमीचा प्रश्न सुटला, मूळ प्रश्न तसाच राहिला.

आता दोन शक्यता. एक, अँटिबॉडी फॉस्फेट नसलेल्या ईआरकेलाही चिकटते. दोन, शून्य मिनिटांच्या पेशींत ईआरकेवर खरंच फॉस्फेट आहे. पहिली खरी असेल तर कुपी परत करायची, दुसरी खरी असेल तर आपली पद्धत दुरुस्त करायची. नुसत्या या ब्लॉटकडे पाहून यातलं काहीच ठरवता येत नाही. (आणखी १० मायक्रोलिटर.)

दिवस ७ ते ९. पेशी पुन्हा, आता नीट

दिवस ३ ची नोंद पुन्हा वाचल्यावर उलगडा झाला. शून्य मिनिटांच्या खळग्याने पाच वेळा इनक्युबेटरबाहेरची हवा खाल्ली, पाच वेळा हेलकावे खाल्ले, आणि सगळ्यांत शेवटी तो फुटला. ईआरकेचा मार्ग इतका हळवा आहे की मीडियम बदलणं, थंडी, मीडियमचा हिसका, यांतलं काहीही त्याला काही मिनिटांत जागं करतं. ज्याला ‘काही केलं नाही’ म्हणत होतो, त्याच पेशींना सर्वांत जास्त हाताळलं होतं.

बदललेली पद्धत :

प्रत्येक वेळेसाठी स्वतंत्र ३५ मिमीची डिश. एक हलली तरी दुसरी जागची हलत नाही.

मीडियम काढायचं नाही. १.८ मिली मीडियम आहे तसंच ठेवून, दहापट तीव्रतेचं ईजीएफ २०० मायक्रोलिटर कडेने सोडायचं. ते त्याच उपाशी मीडियममध्ये केलेलं आणि ३७ अंशांना गरम केलेलं. शून्याच्या डिशलाही तेवढंच मीडियम, फक्त ईजीएफशिवाय.

वेळ उलटी मोजायची. ६० मिनिटांच्या डिशला आधी ईजीएफ, ५ मिनिटांच्या डिशला शेवटी, म्हणजे सगळ्या डिश एकाच वेळी संपतात आणि एकाच वेळी फुटतात. रिकाम्या मीडियमची डिशही ५ मिनिटांच्या डिशबरोबरच.

यू०१२६ ची डिश : १० मायक्रोमोलर, ईजीएफच्या ४५ मिनिटं आधी. हे औषध एमईके या ईआरकेच्या वरच्या किनेजला (फॉस्फेट चढवणाऱ्या एंझाइमला) रोखतं, त्यामुळे ईआरकेवर फॉस्फेट चढूच शकत नाही. ते डीएमएसओमध्ये विरघळवलेलं असल्यामुळे तेवढंच नुसतं डीएमएसओ घातलेली वेगळी डिशही ठेवली.

लायसिसही बदललं. बर्फावरच्या बफरमध्ये पेशी फुटायला जो वेळ जातो तेवढ्यात फॉस्फटेज आपलं काम उरकू शकतात, म्हणून १ टक्का एसडीएस असलेला ट्रिस बफर ९५ अंशांना उकळता ठेवला आणि मीडियम ओढल्याबरोबर डिशवर १५० मायक्रोलिटर ओतला. खरवडून ट्यूबमध्ये, ५ मिनिटं उकळून.

इथे दोन अडचणी आल्या. पहिली : डीएनए सुटून लायसेट चिकट, पिपेटच्या टोकाला तार लागायची. २६ गेजच्या सुईतून दहा-बारा वेळा ओढल्यावर मोकळं झालं. छोटा सोनिकेटर असेल तर दहा सेकंदांचे दोन झटके पुरतात. दुसरी : सवयीने ट्यूब बर्फात ठेवल्या आणि पाच मिनिटांत पांढरा साका खाली बसला. तो एसडीएसचाच होता, थंडीत तो विरघळलेला राहत नाही. साका बसलेल्या ट्यूबमधून मोजलेलं प्रथिन चुकीचं येतं. पुन्हा ३७ अंशांना आणून, हलवून, मग मोजलं. एसडीएसचे लायसेट खोलीच्या तापमानालाच हाताळायचे.

सॅम्पल बफर सुरुवातीलाच का नाही ओतला, तर त्यातलं मरकॅप्टोइथेनॉल बीसीए बिघडवतं. नुसतं एसडीएस बीसीएला चालतं. आधी मोजायचं, मग चारपट सॅम्पल बफर मिसळायचा.

दिवस १०. चित्र बदललं

शून्य मिनिटं : खूप वेळ एक्सपोजर दिलं तर पुसट रेघ. ५ मिनिटं : दोन्ही बँड ठळक, ४२ चा जास्त. १० मिनिटं : जवळपास तेवढेच. ३० ला उतरलेले, ६० ला आणखी खाली. यू०१२६ अधिक ईजीएफ : काहीच नाही. डीएमएसओ अधिक ईजीएफ : ५ मिनिटांसारखंच.

म्हणजे दिवस ५ आणि ६ ला अँटिबॉडी बरोबरच सांगत होती. तिने जे दाखवलं ते पेशींत होतंच. दहा दिवस आणि ३० मायक्रोलिटर गेल्यावर हे कळलं. यू०१२६ ची एक डिश पहिल्याच दिवशी ठेवली असती तर यातलं बरंचसं वाचलं असतं. औषधाने बँड जातोय म्हणजे तो फॉस्फेटशी संबंधित आहे, एवढं तर पाचव्या दिवशीच दिसलं असतं.

दिवस ११ आणि १२. प्रमाण आणि मर्यादा

माहितीपत्रकावरचं प्रमाण ही फक्त सुरुवात समजावी. एकाच लायसेटच्या दोन-दोन लेन (शून्य आणि ५ मिनिटं) चारदा भरून मेम्ब्रेनच्या चार पट्ट्या कापल्या. दर पट्टीला ३ मिली : १:५००, १:१०००, १:२०००, १:४०००. खर्च ११ मायक्रोलिटरच्या थोडा वर.

१:५०० वर बँड मधोमध पांढरा, कडेला काळा. पाहणाऱ्याला वाटतं अँटिबॉडी कमी पडली, पण प्रकार उलटा आहे : एका जागी इतका एचआरपी गोळा झाला की तिथलं ईसीएल फोटो निघेपर्यंत संपून गेलं. १:१००० वर ठीक, १:२००० वर तितकंच स्पष्ट आणि शून्याची लेन जास्त स्वच्छ. १:४००० वर ४४ चा बँड हातचा जातो. १:२००० ठरवलं. कुपीचं आयुष्य तिथेच दुप्पट झालं.

मग त्याच प्रमाणात ५ मिनिटांचा लायसेट २.५, ५, १०, २०, ४० मायक्रोग्रॅम. २० पर्यंत संकेत प्रथिनाच्या प्रमाणात वाढला, ४० ला वाढ दिसेनाशी झाली. आता सगळे ब्लॉट १५ मायक्रोग्रॅमवर. आधीच्या ब्लॉटमध्ये २० भरत होतो आणि तेही १:१००० वर, म्हणजे काठावर. त्या ब्लॉटवरून बँडची तुलना आकड्यांत करणं बरोबर ठरलं नसतं, म्हणून दिवस १० च्या ब्लॉटमधून एकही आकडा काढलेला नाही.

२.५ ते ४० मायक्रोग्रॅमच्या या ब्लॉटला आधी काहीच दिसलं नव्हतं, पूर्ण कोरी मेम्ब्रेन. शोध घेतला तर सेकंडरी ज्या बीएसएमध्ये मिसळली होती त्या बाटलीत सोडियम अझाइड होतं. अझाइड बुरशी-जिवाणूंना रोखतं, पण एचआरपीलाही मारतं. प्रायमरीच्या द्रावणात ते चालतं, कारण नंतर धुऊन जातं. सेकंडरीत कधीच नाही. मेम्ब्रेन तीनदा धुऊन ताजी सेकंडरी अझाइड नसलेल्या बफरमध्ये दिली, बँड आले. प्रायमरी जागेवरच असल्यामुळे नुकसान दोन तासांचं. त्या बाटलीवर आता मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय.

दिवस १३ ते १५. फॉस्फेट काढून पाहणं

यू०१२६ ने बँड गेला, पण औषधं एकापेक्षा जास्त गोष्टी करतात. थेट पुरावा हवा असेल तर प्रथिन तसंच ठेवून त्यावरचं फॉस्फेट उतरवायचं आणि बँड जातो का पाहायचं. त्यासाठी लॅम्डा फॉस्फटेज.

पहिला प्रयत्न ट्यूबमध्ये. त्यासाठी फॉस्फटेज रोखणारं काहीही नसलेला, साध्या डिटर्जंटचा लायसेट वेगळा बनवला. ५० मायक्रोलिटरमध्ये ४०० युनिट, मँगनीज क्लोराइड १ मिलिमोलर, ३० अंशांना ३० मिनिटं. शेजारी तेवढाच वेळ तसाच ठेवलेला, पण एंझाइम नसलेला नमुना. ब्लॉटवर दोन्ही कोरे. एंझाइम नसलेल्या ट्यूबमध्येही पेशींचे स्वतःचे फॉस्फटेज ३० अंशांवर मोकळे होते, त्यांनीच फॉस्फेट उतरवलं. जोडीला ती ट्यूब नसती तर या ब्लॉटवरून ‘चाचणी पास’ असं लिहून मोकळे झालो असतो, आणि ते चूक ठरलं असतं.

दुसरा प्रयत्न मेम्ब्रेनवर. नेहमीच्या उकळत्या एसडीएसचा लायसेट चालवला, ट्रान्सफर केलं, मेम्ब्रेन बीएसएने ब्लॉक करून दोन पट्ट्या केल्या. दोन्ही पट्ट्या फॉस्फटेजच्या बफरमध्ये, मँगनीजसह. एकीत एंझाइम ४०० युनिट प्रति मिली, दुसरीत नाही. ३७ अंशांना दोन तास, हळू हलवत. धुऊन दोघींना एकाच बाटलीतली प्रायमरी. या पद्धतीत पेशींचे फॉस्फटेज आधीच उकळून मेलेले असतात आणि रोखणारी द्रव्यं धुऊन गेलेली असतात, त्यामुळे पट्ट्यांमध्ये फरक उरतो तो फक्त एंझाइमचा.

एंझाइमची पट्टी कोरी. दुसरीवर दोन्ही बँड शाबूत. नंतर दोन्ही पट्ट्यांना एकूण ईआरकेची अँटिबॉडी लावली, ती दोन्हीकडे सारखी आली. म्हणजे प्रथिन होतं, फॉस्फेट गेलं होतं. इथपर्यंत कुपीत ४४ मायक्रोलिटरच्या आसपास.

दिवस १६ ते २३. बँड कोणता कोणाचा

फॉस्फेट खरं आहे हे ठरलं. पण कोणाच्या अंगावरचं? वजनावर विसंबता येत नाही. पी३८ याच कुळातलं, ४० किलोडाल्टनच्या आसपासच धावतं, आणि त्यावरही थ्रिओनिन-टायरोसिनची तशीच जोडी असते. मधलं एक अमिनो आम्ल तेवढं वेगळं. २०१६ मध्ये अँटिबॉडींच्या पडताळणीसाठी एका आंतरराष्ट्रीय कार्यगटाने पाच मार्ग सुचवले, त्यातला पहिला जनुकाचा आहे : प्रथिनच कमी करा आणि संकेत जातो का पाहा. आमच्या मते फॉस्फो अँटिबॉडीला तो चुकवूच नये.

एसआयआरएनए (ठरावीक जनुकाचं प्रथिन बनू न देणारा आरएनएचा छोटा तुकडा) २० नॅनोमोलर. चार गट : एमएपीके३ (ईआरके १ चं जनुक), एमएपीके१ (ईआरके २ चं), दोन्ही मिळून, आणि कशालाच न लागणारा क्रम.

४८ तासांनी ब्लॉट केला. एकूण ईआरके जेमतेम निम्मा उतरलेला, फॉस्फो बँड जवळजवळ तसेच. एसआयआरएनए नवीन प्रथिन बनणं थांबवतो, बनून बसलेल्याला हात लावत नाही. आणि ईआरके सावकाश झिजणारं प्रथिन आहे. शिवाय ईजीएफने उरलेल्या ईआरकेवर भरपूर फॉस्फेट चढतं, त्यामुळे थोडी घट झाकून जाते. काम पुन्हा मागे.

दुसऱ्या फेरीत ७२ तास, शेवटचे १६ तास उपाशी, मग ५ मिनिटं ईजीएफ. आता स्पष्ट : एमएपीके३ उतरवल्यावर ४४ चा बँड गेला, एमएपीके१ उतरवल्यावर ४२ चा, दोन्ही उतरवल्यावर दोन्ही. एमएपीके१ च्या लेनमध्ये ४४ चा फॉस्फो बँड नेहमीपेक्षा जाड दिसला. ते पाहून दचकायचं कारण नाही. एक कमी झाला की दुसऱ्यावर जास्त फॉस्फेट चढतं, ही भरपाई ओळखीची आहे. एकूण ईआरके १ त्या लेनमध्ये वाढलेला नव्हता.

पी३८ साठी युक्ती अशी. अ‍ॅनिसोमायसिन १० मायक्रोग्रॅम प्रति मिली, ३० मिनिटं दिलं की पी३८ आणि जेएनके (याच कुळातलं आणखी एक प्रथिन) दोन्ही जागे होतात. पण काही पेशींत ईआरकेही थोडा चढतो आणि निकाल गढूळ होतो. म्हणून यू०१२६ आधी देऊन ईआरके बंद ठेवला आणि वर अ‍ॅनिसोमायसिन दिलं. शेजारच्या पट्टीवर फॉस्फो-पी३८ ठळक आला, म्हणजे उत्तेजना लागली होती. आपल्या अँटिबॉडीची पट्टी ४० च्या आसपास कोरी, जेएनकेच्या ४६ आणि ५४ लाही काही नाही. या भागाचा खर्च तीन ब्लॉट, १५ मायक्रोलिटर.

दिवस २४. एकूण ईआरकेचा प्रश्न

फॉस्फो बँडला भागायला एकूण ईआरके हवा. तीच मेम्ब्रेन स्ट्रिप करून पाहिली : ट्रिस ६२.५ मिलिमोलर पीएच ६.८, एसडीएस २ टक्के, मरकॅप्टोइथेनॉल १०० मिलिमोलर, ५० अंशांना ३० मिनिटं, हुडखाली. मग नुसती सेकंडरी लावून फोटो. ५ मिनिटांच्या लेनमध्ये जुना बँड अजून पुसट दिसत होता. दोन्ही अँटिबॉडी सशाच्या असतील तर ही उरलेली छाया सरळ ‘एकूण’ मध्ये मिसळते. आणखी एकदा स्ट्रिप केलं तर छाया गेली, पण पाँसोमध्ये प्रथिनही फिकं झालेलं.

स्ट्रिपिंग सोडून दिलं. एकूण ईआरकेसाठी उंदराची अँटिबॉडी घेतली आणि दोन वेगळ्या रंगांच्या फ्लुरोसंट सेकंडरी वापरून दोन्ही एकाच मेम्ब्रेनवर एकाच वेळी वाचले. तशी यंत्रणा नसेल तर एकाच लायसेटची दोन जेल एकाच टाकीत चालवणं हे स्ट्रिपिंगपेक्षा प्रामाणिक.

दिवस २५ ते २८. इम्युनोफ्लुरोसन्स

ब्लॉटवर पास झालेली अँटिबॉडी सूक्ष्मदर्शकाखाली चालेलच असं नसतं. ब्लॉटमध्ये प्रथिन उलगडलेलं असतं, इथे घडी घातलेलं आणि फॉर्मल्डिहाइडने बांधलेलं.

कव्हरस्लिपवर हेला, तोच उपाशी-ईजीएफ क्रम. पॅराफॉर्मल्डिहाइड ४ टक्के, १५ मिनिटं. ते ३७ अंशांना गरम करून, मीडियम न काढता त्यातच दुप्पट तीव्रतेचं ओतलं. मीडियम काढण्याचा हिसका इथेही नको. पहिल्या वेळी पेशी ट्रायटन ०.३ टक्क्याने भोकं पाडून घेतल्या. संकेत सगळीकडे धूसर, केंद्रकात जेमतेम. १:२०० प्रमाण, दर कव्हरस्लिपला ५० मायक्रोलिटरचा थेंब पॅराफिल्मवर, आठ कव्हरस्लिप, खर्च फक्त २ मायक्रोलिटर.

दुसऱ्या वेळी ट्रायटनऐवजी उणे २० ला ठेवलेलं शुद्ध मेथॅनॉल, १० मिनिटं. फरक मोठा : ईजीएफच्या ५ आणि १० मिनिटांना केंद्रक उजळ, शून्याला मंद, यू०१२६ ला प्रायमरी न लावलेल्या कव्हरस्लिपइतकंच. मेथॅनॉल प्रथिन थोडं उलगडतं आणि लपलेली जागा अँटिबॉडीसाठी उघडी होते, म्हणून फॉस्फो अँटिबॉडींना ते बऱ्याचदा मानवतं. तोटाही आहे : फॅलॉइडिनने अ‍ॅक्टिन रंगवायचा असेल तर मेथॅनॉल चालत नाही.

सगळ्या कव्हरस्लिपांचे फोटो एकाच एक्सपोजरला घ्या. कॅमेरा आपोआप एक्सपोजर ठरवत असेल तर यू०१२६ च्या पेशीही उजळ दिसतात आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. पेशी दाट झालेल्या भागात शून्य मिनिटांलाही संकेत वेगळा येतो, म्हणून फोटो सारख्या दाटीच्या जागांचेच.

दिवस २९ ते ३४. तीन स्वतंत्र फेऱ्या

वेगवेगळ्या दिवशी लावलेल्या पेशी, वेगवेगळे लायसेट. एकच लायसेट तीनदा चालवणं ही तीन फेऱ्या नव्हेत. १५ मायक्रोग्रॅम, १:२०००. तिन्ही वेळा शिखर ५ ते १० मिनिटांत, ६० ला उतरण. तिसऱ्या फेरीत शून्याची लेन थोडी चढलेली होती. त्या दिवशी पेशी जवळजवळ भरलेल्या प्लेटमधून घेतल्या होत्या आणि उपाशी ठेवायला दोन तास उशीर झाला होता. ती फेरी वगळली नाही, कारणासह तशीच नोंदवली.

प्रायमरीचं वापरलेलं द्रावण ४ अंशांना ठेवून पुन्हा वापरून पाहिलं. दुसऱ्यांदा ठीक, तिसऱ्यांदा ४४ चा बँड लक्षात येण्याइतका उतरला. प्राथमिक चाचणीला चालेल, मोजमापाला नाही.

दिवस ३५. नोंदवहीत काय लिहिलं

कॅटलॉग क्रमांक, लॉट क्रमांक, क्लोनचं नाव आणि आरआरआयडी (संशोधन-साहित्याचा सर्वमान्य ओळख क्रमांक). ब्लॉट : १:२०००, ५ टक्के बीएसए, टीबीएसटी, रात्रभर ४ अंशांना, १५ मायक्रोग्रॅम. सूक्ष्मदर्शक : १:२००, मेथॅनॉलनंतर. कुपी उणे २० ला, दंव आपोआप वितळवणाऱ्या फ्रीझरमध्ये नाही. तिच्यात ५० टक्के ग्लिसरॉल आहे, त्यामुळे उणे २० ला ती गोठत नाही आणि छोटे भाग करायची गरज नाही. उणे ८० ला ठेवू नये, तिथे ती गोठते. नवीन लॉट आला की जुन्या कुपीतल्या उरलेल्या भागाशी एकाच मेम्ब्रेनवर तुलना. त्यासाठी ५ मायक्रोलिटर बाजूला राखून ठेवलेत. कुपीत एकूण उरलेत १० च्या आसपास.

पॅराफिनमधल्या ऊतींच्या छेदांवर आणि फ्लो सायटोमेट्रीवर ही अँटिबॉडी इथे तपासलेली नाही. उंदराच्या पेशींवरही नाही. वरचे आकडे हेला पेशींचे आहेत. दुसरी पेशी घेतली तर दिवस ७ ते ९ ची डिश-मांडणी आणि यू०१२६ ची डिश यांपासून पुन्हा सुरुवात करायची.